ठकूच्या नावाचा ताप

सापगावचा देवराम मलेरियाच्या खात्यात लागला तेव्हा त्याच्या आईने आळीभर गूळ वाटला. सरकारी नोकरी ती! अंगात खाकी सदरा, खांद्याला झोळी, झोळीत काचेच्या पट्ट्या, सुई, कापूस आणि कडूजहर गोळ्या. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक दारात जाऊन विचारायचं, "घरात कुणाला ताप?" कुणी हो म्हटलं की त्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, काचेवर त्याचं नाव घालायचं, गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या, भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत सही ठोकायची आणि पुढचं दार गाठायचं. साठ सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा शहापूर-मुरबाडकडची पोरं खाकी सदरा दिसला की बोटं मुठीत लपवून खाचरात पळायची.

पण नोकरी होती हंगामी. काही महिने झाले की नवा हुकूम यायचा, आणि तो येईपर्यंत जीव टांगणीला. त्यात आणखी एक गंमत. हद्दीत ताप निघाला तर साहेब विचारायचे, "कामं करता की झोपा काढता?" आणि ताप निघालाच नाही, तर ऑफिसात कुणीतरी हळूच म्हणायचं, "मलेरिया संपला रे, म्हणजे आपणपण संपलो." देवराम बिचारा देवाजवळ मागायचा तेसुद्धा बेताने. ताप असू दे देवा, पण शेजारच्या हद्दीत.

रजा म्हणून त्याने कधी घेतली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि जेवायलासुद्धा न थांबता झोळी उचलली. त्याला कारण मुरबाडचा नामा. नामाला कावीळ झाली म्हणून तो रजेवर गेला, बरा होऊन आला तर त्याची झोळी दुसऱ्याच्याच खांद्यावर! तेव्हापासून खात्यातली माणसं शिंकसुद्धा घरी देऊन यायची.

आणि नेमका आश्विनात ताप आला तो देवरामलाच. दिवसाआड यायचा. आधी हुडहुडी, मग अंगाची भट्टी, मग घामाच्या धारा. त्याची बायको जनी दारात आडवी उभी राहिली.

"आज नका जाऊ. तोंड बघा आरशात, हळदीवानी झालाय."

"मलेरियावाल्यालाच मलेरिया झाला म्हणून कळला, तर हसतील नि घरी बसवतील."

"मग गोळ्या तरी घ्या. झोळी भरून त्याच तर हायेत!"

"प्रत्येक गोळीला कुणाचा तरी नाव लागतो गो," असं म्हणून देवराम तिच्या हाताखालून वाकून निघालासुद्धा.

तानशाच्या वाटेवर एक ठाकरवाडी होती. वाडीच्या टोकाला ठकू म्हातारी एकटी राहायची. सोबतीला चार कोंबड्या आणि गालात कायमची तंबाखू. देवराम तिच्या दारात पोचला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं आणि हा मात्र माघातल्यासारखा कुडकुडत होता.

"घ... घरात कुणाला त... ताप?"

ठकूने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ताप दारात उभा हाय, नि घरात शोधतंस व्हय रे?"

देवराम मटकन ओट्यावर बसला. "आजी, कुणाला सांगू नको. नोकरी जाईल माझी."

"नाय सांगत. टोच तुझा बोट."

"पण काचेवर नाव कुणाचा घालू?"

"माझा घाल. माझ्या नावाला कोण पुसतंय? तुझ्याबिगर सरकार आजवर कदी माझ्या दारी आला नाय."

अख्ख्या हद्दीची बोटं टोचणाऱ्या देवरामने स्वतःच्या बोटाला सुई लावताना डोळे गच्च मिटले. ठकू खदखदून हसली. तिच्या नावाच्या गोळ्याही त्याने घेतल्या, पण उपाशीपोटी. ओढा ओलांडायच्या आत सगळ्या उलटून पडल्या.

काच गेली शहापूरला. ठकूच्या नावावर मलेरिया निघाला, तर पुढे काय होईल, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. आणि निघालाच तो! आठवडाभरात वाडीत जीप आली. साहेब उतरले, पंपवाले उतरले, देवरामही उतरला. घराघरातली मडकी, गोधड्या, पाळणे बाहेर आले, भिंतींवर औषधाचे फवारे उडाले, लहानथोर सगळ्यांची बोटं टोचून झाली. वाडी नुसती चिडली. शेजारचा नवसू बोट चोखत ओरडला, "ए ठकू, तुला कदी ताप आला गो? परवा तर मोळी घेऊन धावत होतीस!"

"धावले म्हनून तर आला," ठकू म्हणाली.

साहेबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ माठासारखं गार. तरी त्यांनी गोळी पुढे केली, "समोर गिळ." ठकूने गोळी तोंडात टाकली आणि तंबाखूच्या शेजारी गालात बसवली.

तेवढ्यात कुठूनशी किणकिण ऐकू आली. देवरामच्या खांद्यावरच्या झोळीतल्या काचा वाजत होत्या. त्याचा तापाचा दिवस होता तो. त्याने झोळी पोटाशी दाबून धरली, तर काचा आणखीच जोरात वाजायला लागल्या.

साहेबांनी देवरामकडे पाहिलं, मग ठकूकडे. देवरामला वाटलं, संपलं. आपली झोळीही आता दुसऱ्याच्या खांद्यावर.

"माझ्या तापाची लई धास्ती घेतली पोरानी," ठकू गाल सांभाळत म्हणाली.

हुकूम तर साहेबांचाही हंगामीच होता. त्यांनी घसा खाकरला. "म्हातारी फार आजारी दिसते. अशा पेशंटला एकटं सोडता येणार नाही. देवराम, गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत तुझी ड्युटी इथे. सकाळी यायचं, पेशंट *जेवून* गोळी घेतो का ते बघायचं, संध्याकाळी जायचं. बाकीची दारं मी फिरतो."

जीप गेली तशी ठकूने गोळी अंगणात थुंकली. एक कोंबडी धावत आली, तिने चोच मारली आणि मान झटकून पळाली.

मग देवरामची ड्युटी सुरू झाली. आल्या आल्या ठकू त्याला गरम पेज पाजायची, मग गोळी. वर दरडावायची, "आ कर. जीभ उचल. तुझ्याच खात्याची रीत हाय!" त्यानंतर देवराम ओट्यावर गोधडी ओढून जो झोपायचा, तो उन्हं उतरेपर्यंत. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तो दिवसाढवळ्या झोपला, तोही ड्युटीवर.

ताप गेला. नवा हुकूमही आला. पण खात्याचा नियम असा, की बऱ्या झालेल्या पेशंटचं रक्त पुढे वर्षभर दर महिन्याला तपासायचं. तेव्हा देवराम तंबाखूची पुडी घेऊन ठकूच्या दारात हजर व्हायचा. ती त्याच्या आधीच ओट्यावर बोट पुढे करून बसलेली असायची.

"ये बाबा," म्हणायची, "टोच तुझा ताप."