तोसेची खळ

जपानातल्या मिनो प्रांतात, कागदवाल्यांच्या गल्लीत तोसेसारखी खळ कुणालाच जमायची नाही. कालचा भात फळीवर घेऊन बांबूच्या पातीनं ती तो असा रगडायची, की शीत म्हणून उरायचं नाही. मग त्या खळीनं बांबूच्या टोपल्यांवर कागदाचे थर चढवायचे. नवरा टोपल्या विणायचा, ती मढवायची.

नवरा गेला आणि एकोणपन्नासाव्या दिवशीचं कार्य उरकताच धाकटा दीर किहाची दारात उभा राहिला. "वहिनी, कारखाना भावाच्या नावावर होता. आता तो माझा. तुमचं माहेर आहेच की."

माहेरी कुणी उरलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हाताशी लेक घेऊन तोसे नदीपलीकडच्या एका खोलीत राहायला गेली.

वर्षभरात किहाचीच्या टोपल्यांचे पापुद्रे सुटायला लागले. तेवढ्यात प्रवासी मुक्कामाला उतरायचे अशा शहरातल्या एका मोठ्या खानावळीनं पाहुण्यांचे कपडे ठेवायला चाळीस टोपल्या मागितल्या. तो तांदळाच्या वड्या घेऊन तोसेकडे आला.

"झालं गेलं विसरा, वहिनी. खळ तेवढी शिकवा."

"या भावोजी, बसा." तिनं चहा केला. भात किती मऊ हवा, पाणी केव्हा शिंपडायचं, पात कशी तिरकी धरायची, सगळं हात धरून शिकवलं. पाणी लागू नये म्हणून टोपलीवर कच्च्या काकीफळांचा तुरट रस फासतात, हे किहाचीला माहीत होतं. कीड-बुरशी लागू नये म्हणून तोच रस खळीतही घालावा लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

तो गेल्यावर लेक हानाए म्हणाली, "आई, रस?"

"गप्प बस. जेव."

जूनचा पाऊस लागला. खानावळीच्या कोंदट खोल्यांत भाताच्या गोडीला कसर लागली. कागद आतून पोखरला गेला, बुरशी धरली आणि एका श्रीमंत बाईच्या रेशमी किमोनोला भोकं पडली. मालकानं चाळीसच्या चाळीस टोपल्या हातगाडीतून आणून भर गल्लीत किहाचीच्या दारात ओतल्या. बघायला सगळी गल्ली लोटली. तोसेही पूल ओलांडून आली होती, नवी छत्री घेऊन.

किहाची तिच्याकडे धावला. "वहिनी, तुम्ही सांगितलं का नाही?"

"भावोजी, तुम्हीच म्हणालात, खळ तेवढी शिकवा. तेवढी शिकवली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. किहाचीनं चिखलात गुडघे टेकून माफी मागितली. तोसेनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मान खाली होती तोवर त्याच्या टाळूकडे बघत राहिली, आणि पुलाच्या वाटेनं वळली.

पुढच्या हिवाळ्यात किहाची दुसऱ्याच्या कारखान्यात बांबू तासायला लागला. खानावळीचं काम तोसेकडे आलं. वर्षं सरली, तरी पुलावर गाठ पडली की तो वाकून नमस्कार करायचा.

"आता पुरे की गं, आई. म्हातारा झालाय तो," हानाए म्हणायची.

"मी कुठं काय म्हणते?" तोसे म्हणायची, आणि ताठ मानेनं पुढं चालायची.