मधाचं बोट

आमच्याकडे मूल जन्मलं की त्याला पहिलं मधाचं बोट कोण चाटवतं, यावर सगळ्यांची नजर असायची. ज्याचं बोट, त्याचा स्वभाव बाळाला लागतो म्हणे. म्हणून सगळ्यांत गरीब, खाली मान घालून चालणारी बाई आधीच हेरून ठेवायचे. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आमच्या लोकांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, उपास सोडले, नवस सोडले. हे मधाचं बोट तेवढं कोणाच्यानं सुटलं नाही.

माझ्या जन्माच्या वेळी ठरवलेली बाई पोचलीच नाही. माय बेशुद्ध, जवळ आत्या आणि काकी दोघीच. पुढे मी बोलायला लागले ती भांडतच, आणि गावानं निकाल देऊन टाकला, की बोट आत्याचंच असणार! आत्या म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. नवऱ्यानं मारायला काठी उचलली तर हिनं मुसळ उचललं, आणि मानोऱ्याकडच्या सासरहून पायी माहेरी आली ती कायमची. मूलबाळ नाही. आमच्या घरी राहायची, लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. मी कोणाला उलट बोलले की बाया हसायच्या, "आत्यावर गेली बाप्पा!" राग माझा, तोंड माझं, मार खाणारी पाठ माझी, आणि नाव आत्याचं. आता बोला!

सातवीत असताना गुरुजी वर्ग झाडायला रोज आमच्या वस्तीतल्या पोरींनाच लावायचे. एक दिवस मी फडा उचलला, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हटलं, "आज पाटलाच्या पोरीले झाडू द्या." पुढे काय झालं ते सांगत नाही, हाताला वळ होते एवढंच. पण मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

गावात शाळा सातवीपर्यंतच. मला आठवीसाठी कारंजाला जायचं होतं, तिथं मुलींचं बोर्डिंग होतं. बापाचंही मन होतं. फड्याची गोष्ट ऐकली आणि तो फिरला.

"बाहीर ठेवली तं ही बी मुसळ उचलन एक दिवस. आत्यावर गेली हाये. उजवून टाकतो लवकर."

कामरगावचं एक स्थळ त्याच्या डोक्यात होतंच. पाहुणे येण्याचा दिवसही ठरला. मी जेवण सोडलं, भांडी आपटली, रडले. त्यानं काय होणार? जितकी आपटली तितकी आत्यावर गेली!

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी आत्या अंगण सारवत होती. बा खाटेवर बसून मायला उद्याच्या जेवणाचं सांगत होता. आत्या उठली, शेणाच्या हातानंच त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, तिले मध म्या चाटवलाच नाई. वैनीनं चाटवला."

वैनी म्हणजे माझी काकी. कोंबडी ओरडली तरी दचकणारी बाई. ती चुलीपाशी बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि हळूच मान हलवली. खरंच, तिचंच बोट होतं. इतकी गरीब, की इतकी वर्षं हे सांगायलाही भ्याली.

मला वाटलं, झालं, जिंकलो आपण. कशाचं काय!

"मंग रगतच तसं असन," बा म्हणाला. "आपल्या घरच्या बायाईचं रगतच गरम."

"रगत?" आत्या म्हणाली. "लगनाआधी मी कशी होती, आठव जरा. बकरी हाकलाचं भेव वाटे मले. मुसळ उचलाले तुह्या जवायानं शिकवलं."

माझ्या डोक्यात जाळ झाला होता.

"बा, जयंतीले तू माईकसमोर काय सांगतं? जन्मावरून मानूस ठरत नाई, त्याले संधी भेटली पाह्यजे. छाती ठोकून सांगतं ना? मंग घरात आल्यावर काहून रगत काढतं? अन् ते बी पोरीचंच?"

आता बसणार कानाखाली, असं वाटलं. मी मागे सरकले नाही. बा टॉवेल खांद्यावर टाकून उठला. कामरगावच्या लोकांना नाही म्हणून सांगायला चालला होता. उंबऱ्याशी थांबून मायला म्हणाला, "पेटी पाह्य कोनाची भेटते तं."

कारंजाला जायच्या दिवशी फाट्यावर आत्याच आली, डोक्यावर माझी पेटी घेऊन. गाडीची वाट पाहताना मी तिच्यावर उखडले. बोट तुझं नव्हतं तर आधी काहून नाही सांगितलंस? उगाच शिव्या खाल्ल्यास इतकी वर्षं!

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "लोकं म्हनत, पोरगी तुह्यावर गेली. मले बरं वाटे. माह्यं म्हनाले दुसरं कोन होतं?"

ज्या एका गोष्टीवर तिचा जीव होता, ती तिनं माझ्या आठवीसाठी अंगणात सगळ्यांदेखत सोडून दिली होती. मला तिचा राग आला, बापाचा आला, त्या मधाचा आला.

गाडी आली. दारातल्या बाईनं सरकून जागा दिली आणि आत्याला विचारलं, "तुमची पोरगी हाये का? तोंड तं तुमचंच दिसते."

आत्या नाही म्हणायला लागली. मी तिला बोलूच दिलं नाही.

"हो," मी म्हटलं, "हिचीच हावो मी."