वांग्यांवरचा बॅनर

आमचा हरवलेला कापडी बॅनर सकाळी सापडला, तो शेजारच्या यमुनाकाकूंच्या वांग्यांवर. महाबळेश्वरला या दिवसांत पहाटे दंव गोठतं. 'झाडं तोडू नका' ही आमची लाल अक्षरं पांढरी पडली होती आणि खाली वांगी मात्र जांभळी, टवटवीत.

मी चिडलेच. "काकू, आज कचेरीसमोर धरणं आहे! न विचारता कसा नेलात?"

"ओरडू नकोस. भोगीच्या भाजीत घरचीच वांगी घालीन, असं लेकीला सांगून बसलेय. आणि ऊन आलं की झाकण काढावंच लागतं, नाहीतर रोपं कोमेजतात. दिवसा तुमचा, दिवस मावळला की माझा. चालेल?"

थंडी पडली की हार मानून परसातले वाफे रिकामे करायचे, हे ठरवलं कुणी? आम्ही पत्रकांतून 'लढा, लढा' ओरडतो, पण लढण्यात एवढी मजा असते हे कुठल्याच पत्रकात मी लिहिलं नव्हतं. काकूंसारखं रोज संध्याकाळी रोपं झाकून थंडीला सांगायचं, आज नाही, उद्या ये. उद्याही तेच सांगायचं. बॅनरवरचं दंव झटकताना बोटं बधिर झाली आणि मी वेड्यासारखी हसत होते.

दिवसभर धरणं झालं. ऊन कललं, तसा शिपाई बाहेर आला. "थांबा, साहेब भेटतायत."

"उद्या दहाला येतो म्हणावं," मी बॅनर गुंडाळत म्हटलं. "आत्ता आमच्या वांग्यांना थंडी वाजेल."

आणि आम्ही सगळे उतारावरून पळत सुटलो.