गोळी गिळल्यावरची तक्रार

आरोग्य केंद्रातल्या मदतनीस बाईंना सगळ्या 'गोळीमावशी' म्हणत. पोटुशी बाई आली की तीन गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायच्या, पेलाभर पाणी द्यायचं आणि समोर बसवून गिळायला लावायच्या, हे त्यांचं काम. डास चावून येणाऱ्या हिवतापाने पोटातलं बाळ खंगतं, कधी हातचं जातंही. म्हणून ताप नसतानाच दर महिन्याला या गोळ्या.

पण बायका काय कमी वस्ताद! एक तर गोळ्या कडू, त्यात औषधाने बाळाला काही होईल ही धास्ती. गालात दाबायच्या नि दाराबाहेर जाऊन थुंकायच्या. मग मावशींनी नामी युक्ती काढली. गोळ्या गिळल्या की बाईने सासूबद्दलची एक तक्रार मोठ्याने सांगायची. गालात गोळी धरून सासूला नावं ठेवता येतात का कधी? बाकावर नुसतं खिदळणं चालायचं. "अगं हळू! तुझी सासू बाहेरच बसलीय," मावशी दटावायच्या.

त्या दिवशी रांगेत त्यांची स्वतःची लेक उभी राहिली. पाचवा महिना. तिने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मावशींनी अबोला धरला होता. आधी तिने यावं, म्हणून अडून बसल्या होत्या. त्या अबोल्यातच लेकीचं पहिलं बाळ हिवतापाने पोटातच गेलं. मावशींना ते परक्याच्या तोंडून कळलं.

त्यांनी गोळ्या दिल्या. लेक पाणी प्यायली आणि ओठ घट्ट मिटून बसली. गिळल्या की गालात ठेवल्या, देव जाणे. हे बाळ तरी वाचू दे, एवढंच मावशींच्या मनात होतं.

"बोल गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "सासूबद्दल काहीतरी."

"सासू चांगली आहे. तापात उशाशी तीच होती." लेकीचा आवाज चढला. "तक्रार आईबद्दल आहे. जगाच्या लेकीसुनांना गोळ्या भरवत होतीस, माझ्यासाठी एक नव्हती तुझ्याकडे?"

बाकावरच्या सगळ्या वळून बघू लागल्या. मावशींना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण लेकीचं तोंड रिकामं होतं, गोळ्या पोटात गेल्या होत्या.

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या.

लेकीने पेला खाली ठेवला, डोळे पुसले. "पुढच्या गोळ्या कधी?"

"महिन्याने."

"येईन. अजून पुष्कळ बोलायचंय."