देविदासचा जबाब मी लिहिला

“‘बसलो होतो’ असं तो स्वतःच म्हणतोय ना? मग स्पष्ट लिहा,” साहेब म्हणाले.

मी तेव्हा अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होतो. चौकशी होती आमचा ड्रायव्हर देविदास याची. साहेबांची अचलपूरला मीटिंग आणि हा सकाळी आलाच नाही. साहेब एसटीनं गेले, उशिरा पोचले, सर्वांसमोर बोलणी खाल्ली. तो राग फाईलमध्ये उतरायचा होता.

आमच्याकडे ‘बसणे’ म्हणजे काय काय, हे सांगताना दमायला होतं. घसा बसतो, धंदा बसतो, सोयरिकीसाठी दोन घरची माणसं बसतात. “संध्याकाळी बसू” म्हणजे बाटली. आणि मयतीच्या घरी नुसतं सोबत करायला जातात, तेही बसणंच.

देविदासनं मला नीट सांगितलं होतं. “मोठे बाबू, भातकुलीले बसायले गेलो होतो. दोस्ताची माय गेली. तो कोणाशी बोलूनच नाई राहिला, त्याले सोडून कसा येऊ? ऑफिसात फोन केला ना मी.”

“कोणी उचलला?”

“कोणीच नाई.”

“मग साहेबाले सांग हे.”

“साहेब आयकते काय माह्यं? तुमीच नीट लिहा.”

जबाब म्हणजे चौकशीत दिलेलं लेखी म्हणणं. आमची पद्धत अशी, की माणूस बोलेल ते रफ कागदावर टिपायचं, एका कोऱ्या कागदाच्या तळाशी त्याची सही घ्यायची आणि फेअर मागाहून लिहायचं. त्याला पुन्हा बोलवायचा त्रास नको, असं आम्ही म्हणायचो. त्रास आमचा वाचायचा.

रफ कागदावर ‘मयतीच्या घरी’ हे शब्द होते. साहेबांनी फक्त ‘बसलो’खाली रेघ ओढली.

“साहेब, तो मयतीच्या...”

“त्याची वकिली करता काय? फाईल आजच पाहिजे.”

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मला बदली नको होती. मी लिहिलं, ‘आदल्या दिवशी मित्रासोबत मद्यपान केल्यामुळे कामावर हजर होऊ शकलो नाही.’ खाली सही तयारच होती.

देविदासची गाडी काढून घेतली. त्याला अकोल्याच्या गोदामावर चौकीदार केलं. थेंबही न घेतलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीत, दारू चढली.

निवृत्त झाल्यावर, यंदा मी लेखी कबुली घेऊन त्याच कार्यालयात गेलो. टेबलावरचा नवा क्लार्क वैतागला.

“काका, जबाबावर सही त्यांची आहे. तुमचा काय संबंध?”

“अक्षर माझं आहे.”

“अक्षर कोणाचंही असू शकते.”

“अरे, मीच खोटं लिहिलं म्हणून सांगून राहिलो ना!”

“अशा अर्जाचा नमुनाच नाही आपल्याकडे.”

तीन फेऱ्या झाल्या. शेवटी आवक शिक्का तेवढा मिळाला. शिक्का मारलेल्या कबुलीची प्रत घेऊन अकोल्याला गेलो. देविदासनं ती सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

“तवा म्हटलं होतं नीट लिहा, तं आता लिहून राहिले काय?”

त्यानं प्रतीची घडी घालून खिशात ठेवली.

“पोरीच्या सासरचे अजून इचारतेत, बापानं दारू सोडली काय म्हणून. आणखी एक झेरॉक्स द्या. त्याईले दाखवतो.”

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चार काढून आणल्या.

सेवापुस्तकातली नोंद अजून तशीच आहे. नोकरीत असलेल्यांना एवढंच सांगतो, कोऱ्या कागदावर सही घेऊ नका, आणि कोणी मागितली तर देऊ नका. ते वाक्य लिहायला मला दहा मिनिटं लागली होती. ते खोडायला कोणत्या टेबलावर जायचं, हे अजून मला कोणी सांगत नाही.