विजेचं अख्खं बिल
कॉलेजात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून ती पेन्सिलकाकू. प्राचार्यांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचीच काकू. हिशेबाच्या खोलीत ती सत्तावीस वर्षं बसली, आणि खोली तरी कसली, जिन्याखालची! वरून पोरं धडाधडा उतरली की टेबलावर चुन्याचे कण पडायचे. काकू ते फुंकरीने उडवायची आणि पुढची रक्कम मांडायची.

या कॉलेजात ती आली होती ती कप धुवायला. अठरा वर्षांची होती. कॅन्टीनचं काम साडेपाचला संपायचं आणि सहाला वरच्या मजल्यावर संध्याकाळचा वर्ग भरायचा, दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी. कोणी गवंडी, कोणी शिंपी, कोणी दुकानात माल तोलणारी. काकू ओले हात पदराला पुसत मागच्या बाकावर जाऊन बसली आणि हिशेब लिहायला शिकली. शेजारच्या बाकावर पार्सलची गाडी चालवणारा एक तरुण बसायचा. दोन वर्षं त्याने तिच्या बेरजा उतरवल्या, तिसऱ्या वर्षी सरळ तिलाच मागणी घातली. परीक्षेत मात्र गडी नापास झाला तो झालाच. "पण वर्ग काही वाया गेला नाही," असं तो अजूनही येईल त्याला ऐकवतो.

कप धुता धुता तिशी ओलांडली तेव्हा कुठे काकूला हिशेबाची खुर्ची मिळाली. तिथे तिची कामाची एक रीत होती. दर वर्षाच्या दोन वह्या. पक्की वही शाईतली, तपासनिसांसाठी, स्वच्छ. कच्ची वही पेन्सिलीतली, आणि तिच्या समासात काकूच्या मनातलं सगळं. तोंडाने ती कधी अवाक्षर काढायची नाही. समासात मात्र कोणाची भीडभाड ठेवायची नाही. दोन्ही वह्यांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं. पक्कीला चित्राची बाजू बाहेर, कच्चीला कोरी बाजू बाहेर. इतकी साधी खूण, सत्तावीस वर्षं कधी चुकली नाही. पण या वर्षीचं कॅलेंडर निघालं दोन्ही बाजूंनी चित्रांचं! आता काकूसारख्या बाईने कव्हराला नवा कागद विकत आणावा? नाव नको. तिने दोन्ही वह्यांना तेच घातलं.

त्याच वर्षी संसदेची एक समिती सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजांची आर्थिक तब्येत तपासायला निघाली. कोणतं कॉलेज धडधाकट, कोणतं आजारी, आणि आजारी असेल तर दुखणं कशाचं, हे बघायला. काकूचं कॉलेज आजाऱ्यांच्या यादीत होतं. तूट दिसत होती ती संध्याकाळच्या वर्गाच्या खात्यात. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, पण घाबरट. कोणी विचारायच्या आत त्यांनी उपाय लिहून टाकला: संध्याकाळचा वर्ग बंद करावा. सोबत जोडायला म्हणून काकूच्या टेबलावरची वही स्वतःच उचलली, आत न बघताच शिपायाकडून तिच्या प्रती काढून घेतल्या आणि समितीकडे धाडल्या. समितीने त्यांना काकूसह साक्षीला बोलावलं.

कोणती वही, हे काकूला कळलं ते साक्षीच्या आदल्या संध्याकाळी. घरी जेवायच्या टेबलावर पिशवी भरताना तिने वही उघडली, तर आत शाईच शाई.

"अगं बाई! पक्की तर इथेच आहे. मग साहेबांनी नेली ती..."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग तो इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसकाच लागला. "त्यात माझ्याबद्दल काही नाही ना?"

"तुमचं काय असणार? तुम्ही काय ते उशिरा येणारं अनुदान आहात?"

"मग उशिरा आलो तरी चालेल म्हणायचं!"

"हसा! माझी नोकरी जाईल उद्या."

"नोकरीचे राहिलेत चार महिने," तो म्हणाला आणि एकदम गंभीर झाला. "वर्ग जातोय तो बघ. आपला वर्ग."

तिला ते कोणी सांगायला नको होतं. ज्या दाराने आपण आत आलो ते दार आपल्याच आकड्यांनी बंद होणार, हे प्रस्ताव वाचल्यापासून तिला खात होतं. आणि ते आकडे खोटे आहेत हे माहीत असणारी ती एकटीच.

सकाळी संसदेच्या इमारतीत, समितीच्या खोलीबाहेरच्या लांब बाकावर तिने तोंड उघडून पाहिलं. "साहेब, त्या वहीचं जरा..." प्राचार्य भाषण पाठ करत होते. "काकू, नंतर! नंतर!" आता नंतर म्हणजे कधी? शिपायाने दार उघडलंच.

घोड्याच्या नालासारखं वळलेलं टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि माईक. मधोमध समितीच्या अध्यक्षबाई, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. प्राचार्यांनी सुरुवात झकास केली. तूट, काटकसर, कटू निर्णय वगैरे वगैरे. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि पानं उलटली.

"पान चौतीस. 'साहेबांचं कारंजं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. शेजारच्या रकान्यात आहे.'" त्यांनी हसत मान वर केली. "हे आपलं मत आहे का, प्राचार्य?"

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या खुर्चीवर काकूने डोळे मिटून घेतले.

"पान एक्केचाळीस. 'अनुदान सात महिने उशिरा. तोवर पगार कशातून? संध्याकाळच्या वर्गाच्या फीतून. आजारी म्हणतात त्या वर्गानेच घर चालवलं.'" त्यांनी आणखी पानं उलटली. "आणि हे, पान बावन्न. 'विजेचं अख्खं बिल याही वर्षी संध्याकाळच्या वर्गाच्या माथी. पहारेकऱ्याचा पगारही. चोर सोडून संन्याशाला फाशी. दिवसा पंखे काय फुंकरीने फिरतात? एकोणिसाव्यांदा लिहितेय.'" अध्यक्षबाई आता हसत नव्हत्या. "कोणी लिहिलंय हे?"

काकू उभी राहिली. शिपायाने तिच्यापुढे माईक सरकवला आणि त्यावरचा लाल दिवा लागला.

"मी. हिशेब मीच बघते."

"समजावून सांगा बरं, बाई."

काकूने सांगितलं. आधीच्या प्राचार्यांनी ठरवून दिलं होतं, दिवे लागतात संध्याकाळी, म्हणजे वीजही संध्याकाळची. कॉम्प्युटरची खोली दिवसा, पंखे दिवसा, कारंज्याचा पंपही दिवसा. बिल मात्र संध्याकाळचं.

"हे तुमचं मत झालं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पुरावा?"

"आहे ना! समासाच्या अगदी टोकाला बारीक आकडे आहेत बघा, रोजचे दोन. सहाला मी घरी निघताना फाटकाजवळचं मीटर वाचते. आठला वर्ग सुटला की पहारेकरी वाचतो आणि सकाळी मला चिठ्ठी देतो." तिने अंबाड्यातली पेन्सिल उपसली, हातात पेन्सिल आली तसा आवाजही ठिकाणावर आला. "वर्गाची वीज नऊ भागांतला एक भाग. बाकीचे आठ भाग दिवसाच्या कॉलेजचे. तसं मांडलं तर वर्गाला तूट नाहीच. चार पैसे उरतात."

चष्मे वर-खाली झाले. एका सदस्याने तिथल्या तिथे कागदावर भागाकार केला, पुन्हा केला आणि मान डोलावली.

"एकोणीस वर्षं तुम्ही हे समासात लिहिलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तोंडाने का नाही बोललात?"

आता काय सांगायचं? खरं तेच.

"भीती वाटायची. कप धुणारी पोर खुर्चीवर बसलीय हेच पुष्कळ, असं वाटायचं. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात, हे माहीत होतं मला. तरी गप्प बसले. चुकलंच माझं."

"हिशेब शिकलात कुठे?"

"त्याच वर्गात, बाई. मागच्या बाकावर."

मग प्राचार्यांच्या माईकचा लाल दिवा लागला.

"मी माझा प्रस्ताव मागे घेतो," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. "आणि... कारंज्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे."

सगळं टेबल खदखदून हसलं. काकूही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते तोंड न लपवता पुसलं.

समितीच्या अहवालात चारच ओळी आल्या: खर्चाची वाटणी मीटरप्रमाणे करावी, अनुदान वेळेवर द्यावं, कॉलेजचं नाव आजाऱ्यांच्या यादीतून काढावं, वर्ग चालू ठेवावा. त्या चार ओळी नवऱ्याने पार्सलच्या गाडीत चालकाच्या समोर चिकटवल्या. प्राचार्यांनी कारंजं बंद केलं आणि काकूच्या निरोपाला रुंद समासाची वही भेट दिली. भाषणात म्हणाले, "यात माझ्याबद्दल काय लिहाल ते मला आधी दाखवा."

पण काकू घरी बसणाऱ्यातली थोडीच? पुढच्याच महिन्यात ती संध्याकाळच्या वर्गाला हिशेब शिकवायला लागली. वरचा मजला, तेच बाक. पहिल्या दिवशी सहाच्या ठोक्याला तिने स्वतः दिव्याचं बटण दाबलं. मागच्या बाकावर नवरा वही उघडून बसलेला, या खेपेला पास व्हायचंच म्हणून. त्याच्या शेजारी पहारेकरी. दोन तास फाटक सांभाळायला त्याने भावाला बसवलं होतं. हा माणूस इतका अबोल, की इतकी वर्षं मीटरचा आकडासुद्धा चिठ्ठीवरच द्यायचा.

काकूने फळ्यावर लांबलचक बेरीज मांडली आणि खाली ठसठशीत रेघ ओढली. वर्ग खाली माना घालून उतरवत होता.

"काकू," मागून घोगरा आवाज आला. पहारेकरी उभा होता, टोपी छातीशी धरून. "तिसऱ्या ओळीत चुकलंय तुमचं."

काकू वळली, बोट लावून तिसरी ओळ तपासली. खरंच चुकलं होतं. सत्तावीस वर्षांत तिची चूक कोणी काढली नव्हती, आणि इतका आनंद तिला अख्ख्या नोकरीत कधी झाला नव्हता.

"या," तिने खडू पुढे केला. "इथे येऊन सगळ्यांना सांगा. मोठ्याने."