ताक म्हणजे मागे

एनस्खेडे या डच शहरातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पानं मांडली, की नीळकंठ लिमये मोबाइल कानाला लावून बाहेर सटकायचा. बाकीचे पुरुष मोठ्या हौसेने वाढायला घ्यायचे, मठ्ठा सांडायचे, भजी मोजूनमापून टाकायचे आणि बायकांची बोलणी खायचे. नीळकंठने मात्र अकरा वर्षांत एकदाही बादली उचलली नव्हती. मंडळी म्हणायची, पक्का आळशी आहे.

आळशी कसला! इंजिनिअरिंगची चार वर्षं त्याने पुण्याच्या एका मंगल कार्यालयात वाढपी म्हणून काढली होती. बादली हातात आली की हात आपोआप सराईतासारखा सुटेल आणि सगळ्यांना कळेल, याची त्याला धास्ती होती. आता तो एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर होता, घर होतं, मान होता. पोटच्या पोरालाही त्याने एवढंच सांगितलं होतं, की काकांचा केटरिंगचा बिझनेस होता, मी बघायचो. बघायचो म्हणे!

हा पोरगा, अपूर्व, विद्यार्थ्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू लंबगोल, अंगावर चिलखतं, आणि एकेक चाल जेमतेम पाच-सहा सेकंदांची. चाल संपली की दोन्ही संघ घोळका करून पुढचं ठरवतात. अपूर्व बचावफळीचा कप्तान होता. पुढच्या चालीला कोणी कुठे उभं राहायचं, हे ओरडून सांगणं त्याचं काम.

पण हार्लेमचा संघ घोळका करायचाच नाही. एक चाल संपते न संपते तोच पुढची सुरू. एप्रिलमध्ये त्यांनी अपूर्वच्या संघाची एक्केचाळीस-सहा अशी दाणादाण उडवली होती. जूनमध्ये पुन्हा त्यांच्याशीच गाठ होती. प्रशिक्षक वाउटर माणूस चांगला, पण डच, म्हणजे मनात येईल ते तोंडावर. तो म्हणाला, "तीन आठवडे देतो. तोवर पोरं वेळेत जागेवर आली नाहीत, तर कप्तान दुसरा."

अपूर्व दोन दिवस धड जेवला नाही.

तिथे क्लब चालतात ते फुकट राबणाऱ्या आईबापांवर. वाउटरने माणसं मागितली आणि नीळकंठ सायकल मारत मैदानावर हजर झाला. वाउटरने सरावासाठी आक्रमणाच्या दोन तुकड्या केल्या होत्या. एकीची चाल संपली की दुसरी तयारच उभी. मधे बचावाला श्वास घ्यायलाही सवड द्यायची नाही. नीळकंठने फक्त पळत जाऊन चेंडू जागेवर ठेवायचा. एकोणपन्नास वर्षांचा, पोट थोडं सुटलेला माणूस, पण असा वाकायचा, ठेवायचा आणि बाजूला व्हायचा, की पोरं शिव्या घालायला लागली. वाउटर ओरडला, "रुस्तिख, नील!" म्हणजे जरा दमाने. मग हातातल्या स्टॉपवॉचकडे बघून म्हणाला, "नाही, नाही. असंच."

तरी बचावाची धांदल उडायचीच. अपूर्व लांबलचक सूचना द्यायचा, दहाही जण वळून त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि तेवढ्यात चेंडू निघून जायचा. नीळकंठला यातली चूक पहिल्याच दिवशी दिसली होती. ती सांगायची तर मला कसं ठाऊक, हेही सांगावं लागणार होतं. म्हणून आठवडाभर त्याने ब्र काढला नाही.

शेवटी एका संध्याकाळी घरी जाताना त्याने सायकल थांबवली.

"अपूर्व, तू अख्खं वाक्य बोलतोस रे. तिथे वाक्याला वेळ नाही."

"But they need the full call, बाबा."

"नाही लागत. दोनशे पानं बसायची. आमचा मुकादम एकच शब्द ओरडायचा, 'भात!' की झालं. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक. शेजाऱ्याच्या बादलीत डोकवायचं नाही, मुकादमाकडे बघायचं नाही. बघितलंस की पंगत खोळंबली."

"आमचा means?"

नीळकंठने हँडल घट्ट धरलं. "मी नुसता बघत नव्हतो. वाढपी होतो. त्यावर शिकलो."

अपूर्व सायकलवरून उतरला. "दोनशे लोक? किती वेळात?"

"बारा मिनिटांत पान भरलेलं."

"Twelve minutes! बाबा, that's insane. मला दाखव ना."

त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बापाने पोराला पान काढून दाखवलं. उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी, मधे भात, आणि सगळ्यात शेवटी ताक. आठवड्याभरात एनस्खेडेची गोरीगोमटी पोरं मैदानावर तेच शब्द घोकत होती. भाजी म्हणजे उजवीकडे सरका, चटणी म्हणजे डावीकडे, भात म्हणजे मधे दाटी करा, आणि ताक म्हणजे पुढचे तिघे सोडून सगळे मागे. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. जागेवर यायला चौदा सेकंद लागायचे, तिथून पोरं आठवर आली.

सामन्यात शेवटचं मिनिट उरलं तेव्हा एनस्खेडे तीन गुणांनी पुढे होतं आणि हार्लेमवाले धापा न टाकता चाली रचत मैदान गिळत होते. "भात!" अपूर्वचा आवाज घोगरा झाला होता. "भात! भाजी!" पोरं आधीच तिथे असायची. मग त्याने समोरच्या फळीकडे एकदा नीट पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ताक!" सगळे मागे पळाले. हार्लेमने लांब फेकलेला चेंडू मागे पळालेल्यांतल्याच एकाने वरच्या वर पकडला, आणि सामना संपला. नीळकंठला पुढचं काही दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

नंतर क्लबच्या कँटीनमध्ये हार्लेमच्या प्रशिक्षकाने अपूर्वला गाठलं. ते शब्द कुठले, म्हणून विचारलं.

"माझ्या बाबांचे," अपूर्व डचमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ते वाढपी होते."

"म्हणजे वेटर?"

"वेटर नाही. वाढपी." डचमध्ये शब्द नव्हता, म्हणून त्याने मराठीच ठणकावून सांगितला. "बारा मिनिटांत दोनशे माणसं. ते तिकडे उभे आहेत ना, ते."

सगळे वळले. सवयीने नीळकंठचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि तिथेच थांबला. कोपऱ्यात वाटाण्याच्या सूपचं भलंमोठं पातेलं होतं, आणि भोवती चाळीस भुकेली पोरं एकमेकांना ढकलत होती. नीळकंठने बाह्या सरसावल्या आणि पळी उचलली.

"बसा सगळे," तो मराठीतच म्हणाला.

सगळे बसले. वाउटरने खिशातून स्टॉपवॉच काढलं.